एका कोयत्यावरची दोन नावे

स्त्री-पुरुष समानतेचा विचार आपल्याकडे बहुधा कचेऱ्या, बँका आणि संगणक कंपन्या यांच्या संदर्भात केला जातो, आणि तो करावयासच हवा. परंतु ज्या संस्थांनी महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनाचे रूप पालटले, त्या साखर कारखान्यांच्या बाबतीत हा प्रश्न जितक्या उघड्या स्वरूपात उभा राहतो, तितका तो अन्यत्र क्वचितच राहत असेल. दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर, धाराशिव या जिल्ह्यांतील लाखो माणसे घरांना कुलपे लावून ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, व उन्हाळा लागेपर्यंत फडाच्या आसऱ्याने कोप्यांत राहतात. त्यांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया असतात, कारण टोळी जमविणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती नवरा-बायकोच्या जोडीला. ही जोडी हिशेबात एक कोयता म्हणून धरली जाते आणि एकट्या माणसाची गणना अर्धा कोयता अशी होते. या स्त्रियांच्या बाबतीत मालकाचे कर्तव्य कोणते, यावर प्रामाणिक माणसांचेही एकमत नाही. म्हणून येथे दोन कल्पित व्यक्तींना समोरासमोर बसविले आहे. आबा हे एका सहकारी साखर कारखान्याचे जुने संचालक आणि स्वतः ऊस पिकविणारे शेतकरी. ताई या कामगार खात्यात हयात घालवून निवृत्त झालेल्या अधिकारी. त्या त्या बाजूचा विचारी मनुष्य जे युक्तिवाद खरोखर करील, तेच त्यांच्या मुखी घातले आहेत.

आबा : ताई, समानतेच्या तत्त्वाशी माझा वाद नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. आमच्या कारखान्याच्या लेखाशाखेत आणि प्रयोगशाळेत ज्या भगिनी काम करतात, त्यांना त्याच हुद्द्यावरील पुरुषांइतका पगार मिळतो, बाळंतपणाची रजा मिळते; तक्रारींसाठी अंतर्गत समिती आहे, आणि संचालक मंडळावर कायद्याने राखलेल्या दोन जागाही स्त्रियांकडेच आहेत. तोडणीची गोष्ट मात्र निराळी. आमचा करारनामा होतो तो तोडणी-वाहतूक कंत्राटदाराशी किंवा मुकादमाशी. तो कोणत्या गावाहून कोणाला आणतो, टोळीत पुरुष किती आणि बायका किती, यांची फर्द आमच्या दप्तरी नसते. जिला मी नेमले नाही, जिचे नाव मला ठाऊक नाही, जिच्या हातावर मी कधी एक रुपया ठेवला नाही, तिचा मालक मी कसा ठरतो?

ताई : तिचे नाव तुम्हांला ठाऊक नाही, हीच तर माझी तक्रार आहे, आबा. कोणत्या गटातील कोणता फड केव्हा तोडावयाचा हे तुमचे शेतकी खाते ठरविते; तोडीची चिठ्ठी तुमचा चिटबॉय देतो; भरलेली गाडी तुमच्याच काट्यावर चढते; आणि टनाचा दर ठरवावयाचा असतो तेव्हा साखर संघाचे, म्हणजे तुमचेच, प्रतिनिधी मजूर संघटनांसमोर बसतात. २०२४ च्या जानेवारीत या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली ती अशाच वाटाघाटींतून. मजुरांशी ज्याचा काही संबंध नाही, तो त्यांच्या मजुरीचा दर ठरवावयास कोणत्या नात्याने बसतो? कंत्राटदाराने मजुरी थकविली तर ती देण्याचे दायित्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने मूळ मालकावर ठेवले. आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ साली जो कायदा झाला, त्याने तर कंत्राटदारामार्फत लावलेल्या व्यक्तीलाही, मूळ मालकाला ती ठाऊक असो वा नसो, कर्मचारीच मानले आहे. ठाऊक नसल्याची सबब कायद्याने अशी आधीच काढून घेतली आहे. तुमची अंतर्गत समिती लेखाशाखेतील भगिनींची जितकी आहे, तितकीच ती फडातल्या बाईचीही आहे. परंतु अशी काही समिती आहे, हे तिच्या कोपीपर्यंत जाऊन तिला कोणी सांगितले आहे काय?

आबा : सांगितलेले नाही, हे खरे, आणि सांगावयास हवे, हेही मला मान्य आहे. कायद्याचा कीस काढणे आपण वकिलांवर सोपवू. मी व्यवहार सांगतो. टनाचा दर एकच आहे. ऊस कोणाच्या हातून आला, हे काटा विचारीत नाही. मग विषमता आली कोठून? नवरा बुडख्याशी ऊस तोडतो, बायको पाचट काढते, मोळी बांधते, दोघे मिळून गाडी भरतात. या कामातून त्याचा वाटा किती आणि तिचा किती, हे वेगळे काढावयाचे तर प्रत्येक फडात एकेक कारकून उभा करावा लागेल. शिवाय त्यांचा संसार एक, चूल एक, कर्जही एकच. त्या दोघांच्या मध्ये कारखान्याने हिशेबाची वही घेऊन शिरावे, हे मला प्रशस्त वाटत नाही.

ताई : कर्ज एकच आहे, पण ते घेणारा हातही एकाचाच आहे. उचल पडते ती नवऱ्याच्या हाती आणि तीही हंगामाच्या पुष्कळ आधी. तिचा खर्च कशावर व्हावा, हे ठरविण्याचा अधिकार बायकोला बहुधा नसतो, आणि ती फेडण्यासाठी मात्र तिला हंगामभर राबावे लागते. पहाटे सर्वांच्या आधी उठून भाकरी थापणारी, दिवसभर मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणारी, आणि अंधार पडल्यावर पुन्हा सरपण-पाण्याच्या मागे लागणारी ही स्त्री हंगामाच्या अखेरीस स्वतःच्या कमाईचा एक कागदही दाखवू शकत नाही. नवरा वारला किंवा टाकून गेला, की अर्धा कोयता म्हणून तिला टोळीत जागा मिळणेही कठीण होते. जोडीला उचल मिळते म्हणून पोराचे लग्न लवकर उरकावे, आणि पोरीला मागे एकटी कशी ठेवावी म्हणून तिचेही उरकावे, अशी जी घाई त्या जिल्ह्यांत दिसते, तिच्या मुळाशीही हा हिशेब आहे.

आणि कारकुनाची भीती मला निराधार वाटते. १९७२ च्या दुष्काळात याच भागांतल्या बायका सरकारी कामांवर खडी फोडीत होत्या, बंधाऱ्यांची माती वाहत होत्या. पुढे १९७७ च्या कायद्याने रोजगार हमी पक्की झाली, तेव्हा त्या कामांवर स्त्री-पुरुषांना एकच दर बांधून देण्यात आला. तेथेही पुष्कळ कामे टोळीने होत, मोजमापही टोळीचेच होई, तरी हजेरीपटावर बाईचे नाव स्वतंत्र असे. समान वाटणीला बारीक मोजमाप लागत नाही, आबा; जोडीच्या टनांचे दोन समान भाग करून ते दोन नावांवर आणि दोन खात्यांत जमा करणे, एवढेच लागते. राहिला कामाच्या भिन्नतेचा मुद्दा. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीने स्त्री लघुलेखकांना पुरुष लघुलेखकांहून कमी वेतन देताना, या स्त्रियांचे काम वेगळ्या प्रकारचे आहे, असेच म्हटले होते. ऑड्री डिकॉस्टा यांच्या प्रकरणात १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते म्हणणे फेटाळले. आणि समान वेतन परवडत नाही, ही मालकाची दुसरी कैफियतही ग्राह्य धरली नाही.

आबा : परवडण्याची गोष्ट तुम्हीच काढलीत, तर आमची अडचणही ऐकून घ्या. तोडलेला ऊस तासागणिक वाळतो. त्याचे वजन घटते, साखरेचा उतारा घटतो. म्हणून गाळप रात्रंदिवस चालते, आणि ऊस थांबला की कारखाना थांबतो. गैरहजेरीचा जो दंड, ज्याला सगळे खाडा म्हणतात, तो मुकादम लावतो, आम्ही लावीत नाही. पण तो का लावतो, हेही पाहिले पाहिजे. उचल घेऊन टोळी ऐनवेळी दुसऱ्याच कारखान्यावर गेली, मुकादमच पसार झाला, असे प्रकार हंगामोहंगाम घडतात, आणि बुडतो तो पैसा अखेर ऊस पिकविणाऱ्या सभासदाचा असतो. अशा स्थितीत हजेरीचा धाकच काढून टाकला, तर हंगाम पार कसा पडावा?

ताई : सभासदाच्या पैशाचे रक्षण झाले पाहिजे, याविषयी माझे दुमत नाही, पण पसार झालेल्या मुकादमामुळे झालेले नुकसान आजारी बाईकडून वसूल करणे हा न्याय नव्हे. खाडा पडू नये म्हणून ती पाळीच्या दिवसांतही मोळ्या वाहते, गरोदरपणातही वाहते. फडात आडोसा नसतो, पुरेसे पाणी नसते, कपडा धुऊन वाळविण्याची सोय नसते. त्यातून जंतुसंसर्ग होतो, पोट दुखू लागते, अंगावरून जाऊ लागते. दुखणे अंगावर काढता येईनासे झाले म्हणजे ती खाजगी दवाखाना गाठते, आणि तेथे तिला गर्भाशयच काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाची जी समिती नेमली गेली, तिच्यासमोर आलेल्या बीड जिल्ह्याच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हे प्रमाण सहा जणींमागे एक असे पडते.

पुढे त्या जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी आवश्यक करण्यात आली, आणि ते योग्यच झाले. परंतु शस्त्रक्रियेला परवानगी लागू लागली, तरी खाडा लावावयास आजही कोणाची परवानगी लागत नाही. विनाकारण शस्त्र चालविणाऱ्या डॉक्टरांचा दोष मी झाकू इच्छीत नाही. तथापि जे दुखणे वेळीच मिळालेल्या उपचाराने आणि चार दिवसांच्या विश्रांतीने बरे झाले असते, त्यासाठी अवयव गमवावा लागतो, याचे एक कारण असे की, त्या चार दिवसांची किंमत तिला परवडणार नाही अशी व्यवस्था आपण करून ठेवली आहे. ती किंमत लावण्याची मोकळीक मुकादमाला ज्या करारातून मिळते, त्या करारावर कारखान्याची सही असते.

आबा : हे आकडे ऐकून स्वस्थ बसणारा माणूस मी नाही. तरीही एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे, आणि तो केवळ विरोधासाठी देत नाही. स्त्रियांच्या रक्षणासाठी केलेल्या नियमांची किंमत स्त्रियांनाच द्यावी लागल्याचा अनुभव याच महाराष्ट्राच्या राजधानीने घेतला आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात मुंबईच्या कापडगिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा कामगार स्त्रिया होत्या; रिळे भरण्याच्या खात्यांत तर मुख्यतः त्याच असत. पुढे रात्रीच्या कामावर बंदी आली, बाळंतपणाच्या भत्त्याचा बोजा आला, नवी यंत्रे आली, आणि दोन पिढ्यांच्या आत गिरणीतली बाई जवळजवळ दिसेनाशी झाली. २०१७ साली बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली गेली आणि पन्नास माणसांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे झाले; तेव्हापासून एखादा लहान कारखानदार नवविवाहित मुलीचा अर्ज हातात घेऊन मनाशी कसला हिशेब करीत असेल, याची कल्पना तुम्हांला माझ्यापेक्षा अधिक आहे. आमच्याकडे तर तोडणीयंत्र दाराशी येऊन उभे आहे. बाईमागचा खर्च वाढला, की मालक यंत्राकडे वळेल; मग तुमचा हजेरीपट कोणासाठी?

ताई : तुमच्या आक्षेपांत हा सर्वांत वजनदार आहे, आणि त्याचे उत्तर गिरण्यांच्या त्याच इतिहासात आहे. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना दोन गोष्टी सांगितल्या होत्या : बाळंतपणाच्या आगेमागे मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे असल्यामुळे त्याचा भार मुख्यत्वे सरकारने सोसला पाहिजे, तथापि जो मालक तिच्या श्रमाचा लाभ घेतो, त्यालाही या दायित्वातून सर्वस्वी मुक्त करता येणार नाही. १९२९ साली कायदा झाला, पण भत्ता द्यावयाचा तो ज्या गिरणीत ती बाई असेल त्याच गिरणीने, असे ठरले. आणि जो जितक्या स्त्रिया ठेवील त्याला तितका अधिक भुर्दंड, अशी स्थिती झाली. दोष भत्त्यात नव्हता. भार कोणावर आणि कोणत्या मापाने टाकला, त्यात तो होता. २०१७ च्या दुरुस्तीतही जेथे राज्य विम्याचे छत्र नाही तेथे हाच दोष राहिला आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करते. याउलट १९४८ च्या राज्य विमा कायद्याने स्त्री असो वा पुरुष, प्रत्येक विमेदार कामगारामागे वर्गणी घेतली, आणि बाळंतपणाचा भत्ता सामाईक निधीतून दिला. त्या योजनेत बाईला टाळून मालकाची वर्गणी वाचत नाही.

ऊसतोडणीत तर हे तत्त्व लागू करणे अधिकच सोपे आहे, कारण तुमचे सारे हिशेब टनावर चालतात. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यावे आणि शासनाने तितकीच भर घालावी, असे ठरले आहे. एका हंगामात राज्यात १० कोटी टन गाळप झाले, तर कारखान्यांकडूनच १०० कोटी रुपये जमतात, आणि टोळीत बायका किती होत्या याच्याशी त्या आकड्याचा काही संबंध राहत नाही. ऊस कोयत्याने तुटो वा यंत्राने, टन तेवढेच; तेव्हा बाईला काढून यंत्र आणल्याने या खात्यात मालकाचा एक पैसाही वाचत नाही. यंत्र यावयाचे तेव्हा ते इतर कारणांनी येईलच. त्या दिवशी यंत्र चालविण्याचे शिक्षण फक्त पुरुषांना मिळाले, तर गिरणीतली गोष्ट फडात पुन्हा घडेल; ती घडू न देणे आज तुमच्या हाती आहे.

आबा : मग नेमके काय करावे, ते सांगा. सभेपुढे ठराव ठेवावयाचा तर तो मोघम असून भागत नाही.

ताई : पहिली गोष्ट नोंदीची. मुकादमाशी करार होताना टोळीतील प्रत्येक स्त्री-पुरुषाचे नाव फर्दीवर यावे, प्रत्येकाला ओळखपत्र मिळावे, आणि उचल तसेच मजुरी यांचे समान भाग दोघांच्या स्वतंत्र खात्यांत जमा व्हावे. दुसरी गोष्ट खाड्याची. आजारपण, पाळी, गरोदरपण आणि बाळंतपण यांसाठी दंड लावता येणार नाही, असे कलम करारनाम्यात असावे. मुकादमाने तरीही तो लावल्यास त्याच्या कमिशनातून कापून बाईला परत करावा. आणि विश्रांतीच्या ठराविक दिवसांची मजुरी सामाईक निधीतून द्यावी. तिसरी गोष्ट वस्तीची. पाणी, दिवा, स्वच्छतागृह, न्हाणीचा आडोसा आणि पाळणाघर ही कारखान्याच्या तळावर असलीच पाहिजेत. मजुरांच्या मुलांसाठीची साखरशाळा नावापुरती न राहता हंगामभर चालली पाहिजे. परिचारिकेची फेरी दर आठवड्याला झाली पाहिजे. चौथी गोष्ट अधिकाराची. अंतर्गत समितीच्या सदस्यांनी हंगामाच्या आरंभीच तळावर येऊन तोंडओळख करून द्यावी, आणि शेतकी खात्यात, काट्यावर व मुकादमांच्या यादीत स्त्रिया असाव्यात. फडावर अडचण सांगावयास बाईला एकही बाई अधिकारी भेटत नसेल, तर तिने सांगावे तरी कोणाला?

आबा : यातील वस्तीच्या सोयी, समितीची तोंडओळख आणि शेतकी खात्यात मुली घेणे, हे आमचा कारखाना एकटाही करू शकेल, आणि मी ते मांडीन. निम्म्या मजुरीच्या स्वतंत्र खात्याविषयी मात्र मला दोन शंका आहेत. एक अशी की, नवरे बिथरतील, आणि जेथे सारी उचल एकाच हाती मिळते त्या शेजारच्या कारखान्याकडे टोळ्या वळतील. दुसरी अशी की, खाते बाईच्या नावाचे आणि त्याचे कार्ड नवऱ्याच्या खिशात, असेही होईल.

ताई : पहिल्या शंकेचे उत्तर तुमच्या संघाजवळ आहे. दर साऱ्या राज्याला एक ठरतो, तर अटीही साऱ्या राज्याला एकच ठराव्यात. मग शेजारच्या कारखान्याकडे वळून कोणालाच काही मिळणार नाही. घरात येणारी एकूण रक्कमही एका रुपयाने कमी होत नाही, हे नवऱ्यांना समजावून सांगता येईल. दुसरी शंका खरी आहे, आणि काही घरांत तसे होईलही. पण कार्ड हिरावून घेतले गेले, तर निदान हिरावण्याजोगे तिचे काहीतरी आहे, हे कागदावर राहील. त्याच कागदाच्या आधारे ती कर्ज मागू शकेल, विमा मागू शकेल, नवरा नसताना स्वतःच्या हिमतीवर फडात येऊ शकेल.

आणि आबा, ही कल्पना सहकाराला परकी नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी कारखाना उभा केला आणि १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू झाले, तेव्हा सावकाराच्या वहीत केवळ कर्जाची एक ओळ असलेला अल्पभूधारक शेतकरी प्रथमच स्वतःच्या नावाचा भाग घेऊन सभासद झाला. लहान शेतकऱ्याला हिशेब कळत नाही, तो पैसा उधळील, असे त्या वेळीही म्हणणारे होतेच. त्याच्यावर विश्वास टाकून तुम्ही जे उभारले, त्यावर आज राज्याचे कितीतरी तालुके जगतात. तोच विश्वास आता तुमचा ऊस तोडणाऱ्या बाईवर टाका.

आबा : संघाने अटी एक केल्या, तर माझी पहिली शंका उरत नाही. दुसरी उरते, पण तिच्यासाठी ठराव अडवून धरणे योग्य होणार नाही. मी तो मांडतो.

येथे हा संवाद थांबतो; त्यात जिंकले-हरले कोणी नाही. आबांची काळजी खोटी नाही : समानतेचा खर्च चुकीच्या मापाने वाटला, तर तो ज्यांच्यासाठी करावयाचा त्यांच्यावरच उलटतो. तथापि त्या काळजीतून निष्क्रियता उपजू देणे मला मान्य नाही, कारण खर्च वाटून घेण्याचे योग्य माप आपल्याला ठाऊक आहे आणि त्याचा आरंभही झालेला आहे. मालकाने स्त्रियांसाठी काय करावे, या प्रश्नाचे माझे उत्तर असे : जिच्या श्रमाचा लाभ तो घेतो, तिचा मालक आपण आहोत हे त्याने प्रथम कबूल करावे, तिचे नाव आणि तिची मजुरी तिच्याच नावाने लिहावी, आणि तिच्या शरीरधर्माचा भार तिच्या एकटीवर किंवा तिला नेमणाऱ्या एकट्या मालकावर न टाकता तो साऱ्या उद्योगाने सामाईक वाहावा. कचेरी असो, गिरणी असो वा फड असो, हा क्रम बदलण्याचे कारण मला दिसत नाही. पुढच्या हंगामाचे करारनामे पावसाळ्यातच होऊ लागतात. ते छापून होण्यापूर्वी त्यांत दुसऱ्या नावासाठी एक रकाना घालावा, अशी प्रत्येक संचालक मंडळाला माझी विनंती आहे.